बॅलार्ड पिअर ते वडाळा, इंजिनाच्या चालीनं

शनिवार, १० जानेवारी

ताई सकाळी पंचवटीनं नाशिकहून आली. कल्याणला उतरून दहाच्या सुमाराला डोंबिवलीच्या घरी पोचलीसुद्धा. पिशवीत गुळपोळ्यांचा डबा, कारण संक्रांत चार दिवसांवर आलेली, आणि पायात नवे कोरे बूट. बूट बघून आई म्हणाली, "म्हणजे खरंच जाणार तुम्ही दोघं?" दिवाळीत ठरलं होतं, शेवटी मुहूर्त लागला.

आमचे आप्पा मुंबई पोर्ट ट्रस्टच्या रेल्वेत पॉइंट्समन होते. जुन्या मराठीत सांधेवाला, म्हणजे गाडीची वाट बदलायला रूळ फिरवणारा. १९७२ साली लागले, २०११ साली निवृत्त झाले. दोन्ही गुडघे आता जिना चढू देत नाहीत, त्यामुळे दोन वर्षांत ते मुंबईत गेलेले नाहीत. दिवाळीच्या फराळाला बसले असताना सहज म्हणाले, "रूळ उचलायला लागलेत म्हणे. सगळे जायच्या आत कुणीतरी एकदा बघून यायला पाहिजे." 'कुणीतरी' म्हणजे आम्ही दोघं, हे न सांगता कळलं.

बंदराची स्वतःची रेल्वे होती हे मुंबईत राहणाऱ्या पुष्कळांना ठाऊक नसतं. १ जानेवारी १९१५ रोजी ती सुरू झाली. दक्षिणेला बॅलार्ड पिअर, उत्तरेला वडाळा, आणि मधे बंदराच्या कडेकडेनं गोदामं, वखारी, बंदरं यांच्यात शिरणाऱ्या असंख्य सायडिंगा. वडाळ्याच्या पुढे रावळी जंक्शनपाशी ती मोठ्या रेल्वेला मिळायची. बोटीतून उतरलेला गहू, कोळसा, लोखंड, खत या रुळांवरून देशात जायचं आणि देशातला कापूस याच रुळांवरून बोटीपर्यंत यायचा. माणसांसाठी ही रेल्वे जवळजवळ नव्हतीच, म्हणून ती आठवणीतही राहिली नाही.

आप्पांनी जुन्या वर्षाच्या कॅलेंडरचं डिसेंबरचं पान मागून घेतलं, उलटं केलं आणि त्यावर रेघ ओढायला सुरुवात केली. हात थरथरतो, पण रेघ कुठे वळते ते अचूक. दोन ठिकाणी फुल्या मारल्या. पहिली ग्रीन गेटपाशी, जिथे ते पहिल्या दिवशी हजर झाले. दुसरी कॉटन ग्रीनच्या गोदामांत. तिथल्या फुलीवर पेन्सिल दोनदा फिरवली आणि ताईकडे बघितलं. ताई म्हणाली, "माहितीये आप्पा." मला काही माहीत नव्हतं.

निघण्याआधी एक ताकीद मिळाली, तीही तीनदा. लोकल धावते त्या लाइनीवर पाय ठेवायचा नाही. रस्त्यातले रूळ बघा, भिंतीबाहेरून बघा, पण चालत्या लाइनीत शिरायचं नाही. चाळीस वर्षांत त्यांनी काय काय उचललेलं आहे ते त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

रविवार, ११ जानेवारी

पावणेसहाला बाहेर पडलो. मोबाइल सतरा अंश दाखवत होता. नाशिकच्या माणसाला ही थंडी वाटत नाही, पण डोंबिवली स्टेशनवर निम्मे लोक कानटोप्या घालून उभे होते. सीएसएमटीची लोकल मिळाली, खिडकीही मिळाली. ठाणे गेलं की मी नेहमी बाहेर बघतो, कारण तिथून पुढे देशातली पहिली आगगाडी धावली ती वाट सुरू होते. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, चौतीस किलोमीटर, चौदा डबे, चारशे पाहुणे, आणि ओढायला साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं. त्यासाठी धडपडणाऱ्यांत नाना शंकरशेट होते. आम्ही ती वाट उलट्या दिशेनं सव्वा तासात संपवली.

सीएसएमटीवरून बॅलार्ड इस्टेट दहा मिनिटांवर. रविवारी सकाळी हा भाग इतका शांत असतो की आपल्या बुटांचा आवाज ऐकू येतो. अलेक्झांड्रा गोदी खणताना निघालेल्या मातीनं समुद्र बुजवून ही जमीन केली आणि तिच्यावर जॉर्ज विटेटच्या आराखड्यानं एकसारख्या उंचीच्या इमारती उभ्या राहिल्या. ती गोदी म्हणजे आजची इंदिरा गोदी. पुढच्या टोकाला, कुंपणाच्या आत, बॅलार्ड पिअर मोल नावाचं स्टेशन होतं. विलायतेची बोट लागली की उतारू धक्क्यावरून थेट गाडीत. १९२८ साली सुरू झालेली फ्रंटियर मेल बोटींच्या हंगामात इथूनच पेशावरकडे निघायची. ते सगळं आता आत आहे आणि आत जायला पास लागतो.

ग्रीन गेटसमोर थांबलो. गोदीच्या दरवाजांना रंगांची नावं आहेत. रेड गेट, ग्रीन गेट, यलो गेट, ब्लू गेट, ऑरेंज गेट. लहानपणी आप्पा "आज ब्लूला ड्यूटी" म्हणायचे, तेव्हा आम्हाला वाटायचं की घरच्यासारखीच बोली सगळीकडे असते. नकाशावरची पहिली फुली इथली. वीस वर्षांचा मुलगा, माण तालुक्यातून आलेला, हातात नेमणुकीचा कागद, समुद्र आयुष्यात पहिल्यांदा बघितलेला. तोही नीट दिसला नाही, भिंतीमुळे. एवढं त्यांनी आम्हाला सांगितलं आहे. गेटवरच्या माणसाला ताईनं विचारलं, "इथून रूळ कुठे दिसतील?" तो म्हणाला, "बाहेर आता काही नाही, ताई. वर जा, रे रोडकडे."

टपरीवर चहा घेतला आणि आठ वाजता पी. डिमेलो रोडनं उत्तरेकडे चालायला लागलो. पूर्वीचा फ्रिअर रोड. गोदी कामगारांच्या संघटनेचे पुढारी प्लॅसिड डिमेलो यांचं नाव त्याला आहे, आणि या रस्त्याला दुसरं कुठलंही नाव शोभलं नसतं. उजव्या हाताला गोदीची लांबच लांब भिंत. ऑरेंज गेटपाशी मरीन ड्राइव्हकडे जाणाऱ्या बोगद्याच्या कामाचे पत्रे लावलेत आणि डोक्यावरून ईस्टर्न फ्रीवे सुरू होतो. फ्रीवे २०१३ साली झाला. वरून जाणाऱ्याला पाच मिनिटांत जे मागे पडतं, ते खालून चालणाऱ्याला तासभर पुरतं.

कर्नाक बंदर. इथे लोखंडाचा बाजार होता, तो आता कळंबोलीला गेला. १८६८ सालचा कर्नाक पूल २०२२ साली पाडला आणि त्याच्या जागी नवा आला. हातगाड्या मात्र तशाच आहेत, पाठीवर गोण्या घेऊन पळणारी माणसंही. सातारा जिल्ह्यातली निम्मी गावं या परिसरात माथाडी म्हणून राबली. आमचे दोन चुलते त्यातलेच. अण्णासाहेब पाटलांनी या माणसांना एकत्र केलं, १९६९ साली माथाडी कायदा झाला, आणि पाठीवरच्या ओझ्याला पहिल्यांदा हिशेब आला. चुलत्यांच्या खोलीत अण्णासाहेबांचा फोटो देवांच्या ओळीत असायचा. मला ते अजूनही योग्यच वाटतं.

वाडीबंदरच्या पुढे, यलो गेट ओलांडल्यावर, ताई भिंतीपाशी थांबली. या भिंतीच्या आत १४ एप्रिल १९४४ रोजी 'फोर्ट स्टिकीन' फुटली. व्हिक्टोरिया गोदीत उभी असलेली बोट, तिच्यात दारूगोळा आणि त्यालाच लागून कापसाच्या गाठी. दुपारी आग लागली, चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट, अर्ध्या तासानं दुसरा. शेकडो माणसं गेली, आग विझवायला गेलेले साठाहून अधिक अग्निशामक जवान गेले. आजही १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सप्ताह पाळतात तो त्यांच्यासाठी. बोटीत सोन्याच्या विटा होत्या, त्या उडून कुठल्या कुठे पडल्या आणि गाळ काढताना पुढे कित्येक वर्षं सापडत राहिल्या. लोक गोष्ट सांगताना सोन्यावर थांबतात. आप्पा सांगायचे ते वेगळं. त्यांच्या वरच्या जुन्या मुकादमानं त्यांना सांगितलं होतं की स्फोटानंतर रूळ शेवयांसारखे वळले होते आणि पहिलं काम रूळ सरळ करण्याचं निघालं, कारण शहराला धान्य हवं होतं. व्हिक्टोरिया आणि तिच्या शेजारची प्रिन्सेस, दोन्ही गोद्या आता बुजवून टाकल्या आहेत.

भाऊच्या धक्क्यावर फार रेंगाळलो नाही. मासळीचा लिलाव कधीच संपला होता, बर्फाचं पाणी वाहत होतं आणि रेवस, मोऱ्याच्या लाँचला रांग होती. ताईला सुके बोंबील घ्यायचे होते. दिवसभर पाठीवर तो वास नको म्हणून मी हट्टानं नाही म्हटलं. ती जरा गप्प झाली. डॉकयार्ड रोड स्टेशनाखाली वडापाव खाल्ल्यावर बोलायला लागली.

इथून हार्बरची लोकल उंचावरून जाते. मुंबईतली, म्हणजे देशातलीच, पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटीहून कुर्ल्याला गेली ती याच मार्गानं. वर लोकल, तिच्या पूर्वेला खाली मालगाडीचे रूळ, आणि पलीकडे बंदरं. त्या दिवशी मेगाब्लॉक होता, त्यामुळे अकरानंतर वरचा आवाजही थांबला.

रे रोडच्या पुढे पूर्वेला वळलो आणि पहिला रूळ दिसला.

रस्त्याच्या डांबरात, ट्रकच्या चाकांनी घासून चकचकीत झालेला, एका गोदामाच्या बंद दरवाजाखाली शिरणारा. ताई चक्क ओरडली, "अरे हा बघ!" शेजारी टायर बदलणाऱ्या पोरानं मान वर केली. आम्ही दोघं उकिडवे बसलो. रस्त्यातल्या रुळाला आतल्या बाजूनं दुसरा रूळ जोडलेला असतो, मधे चाकाची कड जाण्यापुरती खाच ठेवतात. त्या खाचेत आता माती, सुपारीच्या पुड्या, एक गंजलेला नट. ताईनं ओढणीनं अंतर मोजलं. ब्रॉडगेज, साडेपाच फूट, १६७६ मिलिमीटर. पुढच्या वळणावर एक रूळ कापून बाजूला टाकलेला होता. त्याच्या अंगावरची उठावदार अक्षरं बोटानं साफ केली, तर 'टिस्को', म्हणजे टाटांचा पोलाद कारखाना, एवढं वाचता आलं. पुढचा आकडा गंजानं खाल्लेला.

मग ते सारखे दिसायला लागले. एखादा रूळ भिंतीतून निघायचा आणि रस्ता ओलांडून समोरच्या भिंतीत जायचा. एके ठिकाणी त्यावर चहाची टपरी, एके ठिकाणी रुळांच्या मधे कोथिंबिरीचा वाफा, एके ठिकाणी दोन रुळांना दोरी बांधून वाळत घातलेल्या गोधड्या. आम्ही मोजायला सुरुवात केली होती, अकरानंतर सोडून दिलं.

आप्पांचं काम काय होतं ते खऱ्या अर्थानं मला इथे कळलं. रस्त्यातून जाणारी गाडी एकटी जाऊ शकत नाही. इंजिनाच्या पुढे माणूस चालतो, एका हातात लाल झेंडी, एका हातात हिरवी, तोंडात शिट्टी. रस्ता लागला की तो आधी रस्त्यात उभा राहतो, ट्रक थांबवतो, हातगाडीवाल्याला हटकतो, खाचेत दगड अडकलाय का बघतो, मग हिरवी झेंडी दाखवतो. रात्री झेंडीच्या जागी हातबत्ती. सांधा आला की हँडल ओढून रूळ फिरवायचा, सरकता रूळ घट्ट चिकटलाय का डोळ्यांनी बघायचं, आणि मगच गाडी घ्यायची. वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, तोडायच्या, जोडायच्या, हँडब्रेक आवळायचे. म्हणजे चाळीस वाघिणींची गाडी एका माणसाच्या पायांच्या वेगानं चालायची. आप्पा अजूनही घरात चालताना दर वीस पावलांनी मागे वळून बघतात. आई त्याला सवय म्हणते. मागे इंजिन असायचं, हे मला रे रोडच्या त्या रस्त्यात उभं राहिल्यावर उमगलं.

इथल्या बंदरांची नावं वाचत गेलं तरी कोण काय उतरवत होतं ते समजतं. कोळसा बंदर, लकडी बंदर, कौला बंदर. इंग्रजांनी 'हे' (Hay) बंदर, 'ब्रिक' बंदर म्हटलं, तेही गवत आणि विटाच. दारूखान्यात बंदुकीची दारू आता नाही, जुन्या बोटी फोडतात. १९७१च्या युद्धात लढलेली आपली पहिली 'विक्रांत' २०१४ साली इथेच फोडायला आणली होती. गॅस कटरचा वास, पत्र्यांचे ढीग, जुन्या बोटींचे नांगर, संडासाची भांडी, लाइफ जॅकेटं, सगळं विकायला मांडलेलं. एका दुकानात पितळी हातबत्ती होती. ताईनं उचलून बघितली. बोटीवरची होती, रेल्वेची नव्हती. ठेवून दिली.

एक वाजता कॉटन ग्रीन. कापसाचा बाजार आधी फोर्टात भरायचा, मग कुलाब्याला गेला आणि नंतर गोदामांसकट इथे आला. ओळीनं उभी गोदामं, उतरती छपरं, काही चालू, काही टाळं लागलेली. फुलीची जागा शोधायला ताई पुढे झाली. मी कागद उघडून उभा होतो, तिनं तो बघितलाही नाही. दोन गल्ल्या चुकली, तिसऱ्या गल्लीत थांबली. भिंतीतून पिंपळ उगवलेला, समोर गोदामाचा लांब दगडी ओटा, आणि ओट्याला चिकटून रूळ.

"इथे मी डबा घेऊन यायचे," ती म्हणाली.

वडाळ्याच्या कॉलनीतून, दहा वर्षांची असताना, मे महिन्याच्या सुट्टीत. मी तेव्हा चार वर्षांचा. ओटा वाघिणीच्या तळाच्या उंचीचा बांधतात, म्हणजे गोणी उचलावी लागत नाही, सरळ आत सरकवता येते. दहा वर्षांच्या मुलीला त्यावर चढता यायचं नाही. आप्पा तिला काखेत धरून वर ठेवायचे आणि स्वतः खाली रुळांच्या कडेला उभं राहूनच जेवायचे, कारण इंजिन कधीही शिट्टी देईल. ती ओट्यापाशी जाऊन उभी राहिली. आता तो तिच्या छातीशी आला. मी हात दिला, ती चढली, मग मीही चढलो. गुळपोळ्यांचा डबा उघडला, तूप थंडीनं पोळीवर गोठलेलं.

खाता खाता तिनं जे सांगितलं ते मी बेचाळीस वर्षांत ऐकलं नव्हतं.

आप्पा कामाला लागले तेच दुष्काळाचं वर्ष. माणमध्ये विहिरी आटलेल्या, आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती. अमेरिकेतून धान्याच्या बोटी येत होत्या. त्यात मिलो असायचा, लाल ज्वारी. या गोदामांतून मिलोच्या गोण्या वाघिणींत भरल्या जात आणि आप्पा त्या वाघिणी जोडून वडाळ्याकडे लावून द्यायचे. दिवसाला किती, रात्रीला किती. अंगाला, डोक्याला, घामाला तोच वास. पाच-सहा महिन्यांनी पहिली रजा मिळाली आणि गावी गेले. रात्री जेवायला बसले, आजीनं ताटात भाकरी वाढली. लालसर, चिवट, कडेला फाटलेली. म्हणाली, रेशनवर हेच मिळतंय बाळा, गोड मानून घे. आप्पांनी घास तोंडाजवळ नेला आणि तो वास ओळखला. ते आजीला काही बोलू शकले नाहीत. सगळी भाकरी खाल्ली आणि आणखी एक मागून घेतली.

"हे तुला कधी सांगितलं?"

"इथेच. मी डब्यातली बाजरीची भाकरी नको म्हणाले होते त्या दिवशी."

आम्ही बराच वेळ ओट्यावर बसलो. खाली सांधा होता. एक रूळ गोदामाकडे वळलेला, एक सरळ गेलेला, शेजारी हँडल गवतात आडवं पडलेलं. मी त्याचे पाच-सहा फोटो काढले. पुढे काय उपयोग होईल याची कल्पना नव्हती, चांगला दिसत होता म्हणून काढले.

शिवडीला उशीर झाला. दोन वाजून गेले होते. अष्टमीच्या सुमाराला समुद्राला भांग असतो, भरती-ओहोटीत फार फरक पडत नाही, त्यामुळे पाणी फार लांब गेलेलं नव्हतं. तरी चिखल उघडा पडला होता आणि त्यात रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, उभे होते. हिवाळ्याच्या सुरुवातीला ते येतात, उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत राहतात. अजून संख्या कमी होती, दूरवर फिकट गुलाबी रेघ. त्यांच्या डोक्यावरून अटल सेतू निघतो तो २१.८ किलोमीटर, न्हावाशेव्याच्या बाजूला. मागे गोदामं, मधे पक्षी, वर पूल. न्हावाशेव्याला मोठं बंदर झालं, कंटेनर आले, आणि इकडच्या वाघिणींचं काम संपत गेलं. त्यात कुणाचा दोष नाही. पण रूळ उचलून सपाट करायची एवढी घाई कशाला, हे मात्र मला त्या जेट्टीवर उभं राहून वाटलं आणि अजूनही वाटतं. एका गल्लीतले, एका गोदामापुढचे रूळ आणि एक सांधा ठेवायला किती जागा लागते? ट्रक त्यावरून आजही जातायत. त्यावर एक पाटी लावली की पुरे: इथून धान्य गेलं, आणि ते कुणी नेलं.

ताईची डावी टाच सोलवटली होती. नव्या बुटांचा परिणाम. तिनं बूट काढून पिशवीत ठेवले, पट्टी लावली आणि माझ्या जुन्या चपला घातल्या. त्या मी का कोण जाणे बरोबर घेतल्या होत्या. शेवटचे चार किलोमीटर आम्ही हळू गेलो, झकेरिया बंदर रोडनं, मग पाइपलाइनींच्या कडेनं. एके ठिकाणी रुळांवर बाभळी माजल्या आहेत. दोन मुलं पतंगाचा मांजा गुंडाळत बसली होती. त्यांना विचारलं, हे रूळ कसले? एक म्हणाला, "जुन्या ट्रेनचे." दुसरा म्हणाला, "इथे ट्रेन नव्हती कधी."

वडाळ्याला कॉलनीच्या गेटवर पोचलो तेव्हा साडेपाच. मोबाइलवर सतरा किलोमीटर. आमची इमारत अजून उभी आहे, खिडक्या बदलल्या आहेत. आत गेलो नाही. ताईनं बाहेरूनच दुसऱ्या मजल्याकडे बघितलं आणि म्हणाली, "चल, आप्पा वाट बघत असतील." मेगाब्लॉक संपला होता, पण हार्बरच्या गर्दीत तिच्या पायाचं काही खरं नव्हतं, म्हणून दादरपर्यंत टॅक्सी केली.

सोमवार, १२ जानेवारी

रात्री आप्पा झोपले होते. सकाळी सातला माझ्या उशाशी येऊन बसले, चष्मा लावून. "दाखव."

मी मोबाइल दिला. सगळे फोटो एकेक करून बघितले. ग्रीन गेटच्या फोटोवर "रंग नवा दिलाय" म्हणाले. टिस्कोच्या अक्षरांवर थांबले नाहीत, ते त्यांना पाठच असणार. कोथिंबिरीच्या वाफ्याचं कौतुक केलं. मी मिलोचं विचारलं. ताईनं स्वयंपाकघरातून माझ्याकडे बघितलं, पण मी विचारलंच.

आप्पा थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "वाघिणीला लेबल असतं, कुठे जाणार ते लिहिलेलं. एवढ्या गाड्या लावल्या, लेबल कुणी वाचत बसत नाही. पण गावाहून आल्यावर मी वाचायला लागलो. एकदा कोरेगाव दिसलं. आपल्याच जिल्ह्यातलं. त्या वाघिणीचं कपलिंग मी दोनदा तपासलं."

बस, एवढंच. पुढचा फोटो सांध्याचा होता. तो त्यांनी दोन बोटांनी मोठा केला, डोळ्यांजवळ नेला, मग मोबाइल आडवा धरला.

"हे हँडल असंच होतं? तुम्ही हलवलं नाहीत ना?"

"नाही आप्पा. हात पण लावला नाही."

"सांधा गोदामाकडे लावलेला आहे." त्यांनी स्क्रीनवर नखानं रेघ ओढून दाखवली. "गाडी बाहेर काढली की सांधा परत सरळ लाइनीला लावायचा असतो. शेवटची गाडी गेली आणि हा तसाच ठेवून गेले."

चहा आला. त्यांनी कप हातात घेतला, प्यायले नाहीत. पुन्हा फोटो बघितला.

"कुणाची ड्यूटी होती त्या दिवशी?"